अर्धी तुळस

“ताई, टाचंला नगा लावू. गुदगुल्या होत्यात.”

“हलू नका हौसाबाई. टाच झाली की संपलं.”

“आन हसू बी नगं?”

“हसा. पण पोटातल्या पोटात हसा.”

मी खडू तिच्या टाचेभोवती फिरवला. चौथऱ्यावरच्या निळ्या सतरंजीवर पांढरी रेघ उमटली. डोकं, खांदा, कंबर, गुडघा आणि टाच, एवढ्या पाच ठिकाणी खुणा कराव्या लागत. चाळीस मिनिटं झाली की हौसाबाई उठायची, दहा मिनिटं पाय मोकळे करायची आणि परत येऊन त्याच खुणांमध्ये आडवी व्हायची. खुणा नसत्या, तर दर वेळी ती निराळीच बाई झाली असती आणि आमची महिन्याभराची चित्रं फुकट गेली असती.

खुणा करायचं काम माझं होतं. पोतदार मास्तरांचा नियमच होता, की बाई मॉडेलला पुरुषाचा हात लागता कामा नये, खडू धरलेला सुद्धा. वर्गात पंधरा मुलगे आणि मुली दोन. त्यातली नलिनी लग्न होऊन इचलकरंजीला गेली आणि उरले मी. मुलगे बाहेर व्हरांड्यात थांबायचे. हौसाबाई चोळी उतरवून, लुगडं कमरेपर्यंत ठेवून, आमच्याकडे पाठ करून कुशीवर निजायची. मी लुगड्याच्या चुण्या कालच्यासारख्या बसवायची आणि मग दाराशी जाऊन म्हणायची, “या.” मुलगे खाली मान घालून आत यायचे, आपापल्या घोड्यावर बसायचे. चित्राचा बोर्ड टेकवायच्या लाकडी बाकाला आम्ही घोडा म्हणत असू.

ही एकोणीसशे बासष्ट सालची गोष्ट, कोल्हापूरची. मी एकोणीस वर्षांची होते.

हौसाबाई अडतीस-चाळीसची असेल. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. मालन नावाची एकुलती एक मुलगी. आमच्या विद्यालयात ती सकाळी झाडायला, पाणी भरायला यायची. मॉडेल म्हणून बसायचं काम तिनं दोन वर्षांपूर्वी घेतलं, ते तीन अटींवर. पाठमोरी निजणार. तोंड कुणी काढायचं नाही. आणि गल्लीत कुणाला कळता कामा नये. गल्लीत तिनं सांगितलं होतं की शाळा मोठी आहे, दुपारीही झाडावी लागते.

“भिंतीकडं तोंड करून कंटाळा नाही येत?” मी एकदा विचारलं होतं.

“मास्तरांनी सांगिटलंय न्हवं, बगायला एक जागा धरायची आन तिथनं डोळं हलवायचं न्हाईत. त्यो खिळा हाय बगा समोर. त्याच्याशी बोलत आसती मी.”

“काय बोलता?”

“मालनच्या लगनाचं. त्येला समदं ठावं हाय.”

तिच्या डाव्या हाताला, मनगटाच्या वर, नेहमी एक पांढरी चिंधी बांधलेली असायची. डावा हात कमरेवर ठेवलेला, त्यामुळे ती चिंधी आम्हा सगळ्यांच्या समोर यायची. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “वात आलाय. त्येल लावून बांधलंय.” मग सगळ्यांच्या चित्रात चिंधी आली.

त्या वर्षी दिवाळीच्या प्रदर्शनाला महत्त्व होतं. परीक्षक मुंबईहून येणार होते आणि पहिल्या बक्षिसाला मुंबईत पुढचं शिकायची सोय होती. माझे वडील, अण्णा, कोर्टात शिरस्तेदार होते. तोललेलं बोलायचे. भाद्रपदात एका संध्याकाळी त्यांनी पंचांग मिटलं आणि मला म्हणाले, “बेळगावची मंडळी उत्तराची वाट बघताहेत. मी दिवाळीपर्यंत थांबतो. पहिलं बक्षीस आलं तर तू मुंबईला जा, मी अडवणार नाही. दुसरं आलं तरी बेळगावला होकार कळवणार.”

“दुसरं आलं तरी?”

“दुसऱ्याला मुंबई नाही ना? मग.”

तेव्हापासून मला सगळीकडे हौसाबाईची पाठच दिसू लागली. भाकरी थापताना आईचा खांदा वळला की तो स्नायू कुठून निघून कुठे गेला ते मी बघत बसायची. पाठ मला साधली होती. मधली पन्हाळी, कमरेवरच्या दोन खळ्या, मानेवर सुटलेले केस. एक दिवस मास्तर माझ्या घोड्यामागे बराच वेळ उभे राहिले.

“पाठ झाली,” ते म्हणाले. “पाठीत श्वास आहे. पण माणिक, हात मेलाय.”

“हात, सर?”

“तू हात काढला नाहीस. पट्टी काढलीस. पट्टी काय, खुर्चीच्या पायालाही बांधता येते.”

मागून दत्ता अडके हळूच म्हणाला, “सर, माझा हात जिवंत आहे का बघा.”

“तुझी बाईच गेलीय रे. आधी तिला पाणी पाज.”

सगळे हसले. चौथऱ्यावर हौसाबाईची पाठही थोडी हलली. ती पोटातल्या पोटात हसत होती. मला हसू आलं नाही. मी पावाचा मऊ भाग मळून घेतला आणि हात पुसून टाकला. कोळशाच्या कांडीनं काढलेलं आम्ही पावानं पुसत असू. रबरानं कागद चोळवटतो, पावानं नाही. सकाळी प्रत्येकाच्या घोड्यावर एकेक पाव असायचा. अडके अर्धा चित्राला वापरायचा आणि अर्धा खाऊन टाकायचा. मी दिवसभर हात काढला, पुसला, काढला, पुसला. तिथला कागद काळवंडला, पण हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मुलगे चहाला गेले. हौसाबाई चौथऱ्यावर बसून लुगडं खांद्यावर ओढत होती.

“हौसाबाई, फार दुखतो का हात?”

“न्हाई वो.”

“मग पट्टी काढून निजाल? एकच दिवस. मला हात नीट बघायचाय.”

तिनं दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. “वात न्हाई त्यो,” ती म्हणाली. “तुमी पोरीची जात हाईसा, म्हून दावती. बाकी कुणाला सांगू नगा.”

तिनं चिंधीची गाठ दातानं सोडली.

हातावर गोंदण होतं. तुळस. खाली वृंदावन, पायऱ्यापायऱ्यांचं, स्वच्छ. वर तुळशीचं खोड, त्याला उजवीकडे फांद्या आणि पानांचे ठिपके. डावीकडे काहीच नाही. खोडाच्या शेंड्यापासून एक वाकडी हिरवी रेघ मात्र थेट कोपराकडे पळत गेली होती.

“सात वर्सांची व्हते,” हौसाबाई म्हणाली. “आयनं धरलेलं, गोंदणारीण टोचतीया. निम्मी झाली आन मी असा हात वडला की सुई कुठल्या कुठं! आय म्हनली, बस, ऱ्हाऊ दे अर्धी, देवाला अर्धी बी चालती. तवापास्नं गल्लीत समदी मला अर्ध्या तुळशीचीच म्हनत्यात. तोंड झाकशीला ताई, ह्ये कुठं झाकायचं? म्हून चिंधी.”

ती बोलताना हात हलवत होती आणि ती पळालेली रेघ हातावरून जिवंत झाल्यासारखी लवत होती. मी बघत राहिले. मला एवढंच दिसलं की हात मिळाला.

“आवंदा लगीन हाय मालनचं,” ती चिंधी परत गुंडाळत म्हणाली. “कागलचं ठिकाण. सुपारी फुटली परवा. सासू लई खडूस, खरं घर चांगलं हाय. पोरगा पोष्टात हाय. सुपारीदिशी सासूबाईनं माजा हात हातात घिऊन बगितला. म्हनली, अर्धीच ऱ्हायली व्हय वो इहीनबाई? म्या म्हनलं, व्हय, उरल्याली अर्धी तुमच्या दारात लावा, मालन पाणी घालंल.”

ती आपल्या बोलण्यावर खूश होऊन हसली. मुलग्यांची पावलं वाजली तशी घाईनं कुशीवर निजली आणि मी खुणा बघून तिची टाच अर्धं बोट मागं सरकवली.

त्या दुपारी मी हात काढला. पट्टीशिवाय. समोर पट्टी होती, पण मला पट्टी दिसतच नव्हती. वृंदावन, खोड, उजवीकडची पानं आणि ती निसटलेली रेघ. ती रेघ मी एकाच झटक्यात ओढली आणि ओढताना मला कळलं की हे जमलंय. त्या एका रेघेनं अख्ख्या हाताला वळण आलं. निजलेली बाई आता नुसती निजलेली राहिली नाही. कधीतरी दुखलं होतं आणि आता विसरलंय, अशी निजली.

मास्तर आले. बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं.

“हे पट्टीखाली आहे?”

“हो, सर.”

“तिनं दाखवलं?”

“हो.”

“चित्रात आलेलं तिला चालणार आहे?”

मी कोळशानं माखलेली बोटं पदराला पुसली. “हो, सर,” मी म्हणाले.

“मग आता या कागदाला हात लावू नकोस,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये मी एकटीच होते. चित्रं लावून झाली होती. माझं चित्र दारासमोरच्या भिंतीवर, मधोमध. बाकीच्यांची चित्रं लाख मारून पक्की झाली होती, माझं तेवढं राहिलं होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बाटलीत ठेवलेली असायची. काटकोनात जोडलेल्या दोन नळ्यांची फुंकणी त्यात बुडवायची आणि तोंडानं फुंकायचं, की चित्रावर बारीक तुषार उडायचे. एकदा वाळलं की मग कोळसा हलत नाही, पावानं नाही की बोटानं नाही. मी बाटली हलवत होते तेवढ्यात हौसाबाई झाडू घेऊन आत आली.

ती झाडत झाडत माझ्या चित्रापर्यंत आली आणि थांबली. आमची चित्रं ती कधी बघत नसे. ‘माजी पाठ मी बगून काय करू,’ म्हणायची. आज बघितली. झाडू तिनं भिंतीला टेकवला.

“ताई, ही माजी तुळस.”

“हो.”

“चिंधी कुठं गेली?”

मी हातातली बाटली हलवत राहिले.

“दुसऱ्या समद्यांच्यात चिंधी हाय,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिला वाटत होतं, माझी चूक झाली आहे आणि माझ्या लक्षात आलेली नाही. “ताई, उद्यापास्नं गाव येतंय हितं. शेजारच्या हालात रांगोळ्या हाईत. आमची सगळी गल्ली येती दरसाल रांगोळ्या बगाय. कागलची बी येणार हाईत, मालनची सासू. ह्यातनंच जावं लागतं पलीकडं.”

“तोंड नाही काढलेलं मी, हौसाबाई.”

“तोंड काय करायचंय? ही तुळस म्हंजे मीच की वो.” ती माझ्या जवळ आली. “पुसा की. तुमी पुसता न्हवं पावानं? एवडंच पुसा. बाकीची ऱ्हाऊ दे पाठ. पाठ कुणाची बी असती.”

“पुसते,” मी म्हणाले.

“आत्ता पुसा.”

“पाव नाही इथं.”

“म्या आनती. कोपऱ्यावर बेकरी हाय. ही गेले आन आले.” आणि झाडू तिथंच टाकून ती गेली. व्हरांड्यातून तिची पावलं भरभर गेलेली मी ऐकली.

बेकरीपर्यंत जाऊन यायला दहा मिनिटं लागत.

मी चित्रासमोर उभी राहिले. पुसायचं काम दोन मिनिटांचं होतं. तुळस पुसली की तिथं काय राहील ते मला ठाऊक होतं, कारण पुसून पुसून एक अख्खा दिवस मी तेच बघितलं होतं. काळवंडलेला कागद आणि मेलेला हात. परीक्षक सकाळी येणार होते. बेळगावची मंडळी वाट बघत होती. हे सगळं मी तेव्हा असं ओळीनं मनात म्हटलं, असं नाही. मी नुसती उभी होते. मग फुंकणी बाटलीत बुडवली, तोंडाला लावली आणि फुंकलं.

आधी हातावर फुंकलं. मग बाकीच्या चित्रावर. हौसाबाई यायच्या आत लाखेचे दोन हात देऊन झाले.

ती धापा टाकत आली. हातात कागदात गुंडाळलेला पाव. तो अजून ऊन होता. तिनं मधला मऊ भाग काढून आम्ही मळतो तसा बोटांत मळला, अगदी आमच्यासारखा, आणि माझ्यापुढे धरला.

“घ्या.”

“हौसाबाई,” मी म्हणाले, “मास्तरांनी सकाळीच लाख मारून ठेवलीय. माझ्या लक्षातच नव्हतं. आता नाही निघायचं.”

“न्हाई निगायचं?”

“नाही. मी करून बघितलं.”

ती माझ्या पुढून चित्रापाशी गेली. मळलेला पाव तिनं स्वतःच्या हातावर दाबला, म्हणजे चित्रातल्या हातावर. घासला नाही, नुसता दाबून धरला, जसं जखमेवर फडकं धरतात. मग काढून बघितला. पाव पांढराच होता. तिनं तो नाकाशी नेला. मग चित्राच्या कागदाला एक बोट लावलं आणि ते बोट अंगठ्यावर चोळून बघितलं. हॉलभर स्पिरिटचा वास होता.

“वल्लं हाय अजून,” ती म्हणाली.

मी खाली बघितलं.

ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. शिवी देईल, रडेल, मास्तरांकडे जाईल. तिनं उरलेला पाव कागदात नीट गुंडाळला, माझ्याजवळच्या स्टुलावर ठेवला आणि झाडू उचलला. अर्धा हॉल झाडायचा राहिला होता, तो झाडला. कचरा भरला. गेली.

मला पहिलं बक्षीस मिळालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आले. ते चित्राकडे बघत नव्हते, चित्राखालच्या कार्डाकडे बघत होते. उघड्या पाठीच्या बाईकडे लेकीसमोर बघायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असावा. मुंबईचे परीक्षक अजून होते. मास्तर त्यांना आणि अण्णांना एकत्र सांगत होते, “सगळ्यांनी पट्टी काढली. हिनं पट्टीखालचं बघितलं. यात मनाची एक रेघ नाही. सगळं समोर ठेवून केलेलं.”

“त्यासाठीच तर दिलं,” परीक्षक म्हणाले.

रांगोळ्या बघायला बायकांचे लोंढे चालले होते. नवी लुगडी, पोरांची धरलेली बोटं, गजऱ्यांचा वास. आमच्या हॉलमधून त्या खाली माना घालून भराभर पुढं सरकत, एखादी पदर तोंडाला लावून हसत जाई. दोघी जणी थांबल्या. एक ठेंगणी, काळीसावळी. दुसरी उंच, नाकात मोत्याची नथ.

“इठाबाई, हिकडं या,” नथवाली म्हणाली. “हात बगा.”

ठेंगणीनं बघितलं. ती हौसाबाईच्या गल्लीतली असावी, कारण तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिनं लगेच ओळखलं. पण ती म्हणाली, “अशा कुणाच्या बी असत्यात की वो.”

“अर्धी? आन ही रेघ बी? सुपारीला म्या सवता हात धरून बगितलाय. ही मालनची आय हाय.”

“अवो, तोंड कुठं हाय? पाठीवरनं काय वळकता!”

“मी पाठ कुठं बगतीया? हात बगती.”

इठाबाईनं इकडे तिकडे बघितलं आणि तिला मी दिसले. ती माझ्याजवळ आली. “बाळ, तू हितलीच न्हवं? ह्ये चित्र असंच मनचं काडल्यालं असंल की न्हाई? मनचंच की?” ती मला विचारत नव्हती. मला सांगत होती. डोळ्यांनी विनवत होती. एवढं ‘हो’ म्हण पोरी, की मी हिला घेऊन रांगोळ्यांकडे जाते.

तीन पावलांवर अण्णा होते. मास्तर होते. परीक्षक होते, आणि ते वळून ऐकत होते.

“समोर बसवून काढलंय,” मी म्हणाले. “इथं मनाचं काही काढत नाहीत.”

नथवालीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. रांगोळ्या न बघता ती आल्या दारानं परत गेली. इठाबाई क्षणभर उभी राहिली. माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत बघून म्हणाली, “शिकल्याली हाईस न्हवं?” आणि तिच्या मागोमाग गेली.

अण्णांनी विचारलं, “कोण होत्या?”

“कुणी नाही. रांगोळीच्या,” मी म्हणाले.

त्या रात्री बेळगावला नकाराचं पत्र गेलं.

दिवाळीनंतर विद्यालय उघडलं तेव्हा हौसाबाई आली नाही. झाडायला एक म्हातारा येऊ लागला. चौथऱ्यावर सतरंजी तशीच होती, तिच्यावर माझ्या खडूच्या पाच खुणा. अडकेचं घर तिच्या गल्लीजवळ होतं. एकदा पाव खाता खाता तो म्हणाला, “हौसाबाईच्या पोरीची सुपारी परत आली म्हणे. कागलवाल्यांना कुणीतरी काहीतरी सांगितलं.”

“कुणी?” मी विचारलं.

“काय माहीत. लोकांना काय, लागतंच कुणीतरी.”

मी दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथं एक छोटं दुकान होतं. दोन्ही वेळा दुकानातून सुईदोरा घेतला आणि परत आले.

पुढचं थोडक्यात सांगते. मी मुंबईला गेले, शिकले, चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. फळं, फुलं, भांडी, निसर्ग. मुली म्हणायच्या, बाई, माणसं काढायला शिकवा ना. मी म्हणायची, ते अवघड असतं, पुढच्या वर्षी. लग्न नंतर झालं, संसारही झाला. ते चित्र अण्णांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं होतं. ते गेल्यावर माझ्याकडे आलं. कपाटाच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. त्यावरची तुळस अजून पक्की आहे. मालनचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

पण मुंबईला जायच्या आधी, माघात, एका दुपारी मी वर्गात गेले तर हौसाबाई चौथऱ्यावर बसली होती.

मुलगे बाहेर व्हरांड्यात. मास्तर दाराशी, तिच्याकडे पाठ करून उभे. हौसाबाई वाळली होती. हाताला चिंधी नव्हती.

“मास्तर,” ती सांगत होती, “आता भित्तीकडं तोंड करून निजणार न्हाई मी. तुमच्याकडं तोंड करून निजती. तोंड काडा. चोळी ऱ्हाऊ दे तेवडी अंगावर.”

“हौसाबाई, तुमची अट होती ना?”

“व्हती. आता कुणापास्नं लपवायचंय?”

मास्तरांनी व्हरांड्यातल्या मुलांकडे बघितलं. मग मला म्हणाले, “माणिक, खुणा कर,” आणि बाहेर गेले.

मी जुन्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्या. ती निजली, आमच्या बाजूला तोंड करून, डावा हात पुढं सतरंजीवर टाकून. मी खडू घेतला. डोक्याभोवती, खांद्याभोवती, गुडघ्याभोवती रेघ ओढली. टाचेशी आले. ती हसली नाही की तिनं पाय हलवला नाही. मग हात राहिला. तुळस वर होती. मी मनगटापासून कोपरापर्यंत खडू नेला. ती रेघ मला सरळ ओढता आली नाही.

“हौसाबाई,” मी म्हणाले.

“ऱ्हायलंय का काय अजून?”

“नाही.”

“मग बलवा पोरास्नी.”

मी दाराशी जाऊन “या” म्हणाले. मुलगे आले, बसले. मीही माझ्या घोड्यावर बसले. पहिल्यापासून माझी जागा मधली होती. समोर कोरा कागद. मास्तर आले, त्यांनी चौथऱ्याभोवती एक फेरी मारली.

“हौसाबाई, बघायला एक जागा धरा,” ते म्हणाले. “आणि आता डोळे हलवायचे नाहीत.”

“धरली,” हौसाबाई म्हणाली.

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. खिळ्याकडे बघावं तशी ती बघत होती. चाळीस मिनिटं तिची पापणीसुद्धा हलली नाही. माझ्या हातात कोळशाची कांडी होती आणि सुट्टीची घंटा झाली तेव्हा कागदावर एकही रेघ नव्हती.